मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये शेवटी डोळ्याच्या आत सोडायचं अँटिबायोटिक: घ्यावं का, आणि त्यावर किती विसंबावं?

प्रश्न: आम्ही डिचोलीला राहतो. आई ६८ वर्षांची, मधुमेह आहे. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हापशाला करायचं ठरलंय, आणि चवथीच्या आधी आटपून घ्यावं असं तिचं म्हणणं. मावशीचं ऑपरेशन बऱ्याच वर्षांपूर्वी झालं तेव्हा डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन दिलं होतं, वर पाच दिवस गोळ्या. आता डॉक्टर म्हणतात, बाहेरून इंजेक्शन नाही, शेवटी डोळ्याच्या आतच अँटिबायोटिक सोडणार. गोळ्या लागत नाहीत. आत औषध सोडणं धोक्याचं नाही का? इन्फेक्शन होऊ नये म्हणून आम्ही काय करायचं?

उत्तर:

ताई, आधी सरळ सांगते. डॉक्टर आत औषध सोडणार म्हणताहेत तर सोडू द्या. या ऑपरेशननंतर डोळ्याच्या आत होणारा जंतुसंसर्ग टाळायला जे काही केलं जातं, त्यात भक्कम पुराव्याच्या गोष्टी दोनच: सुरुवातीला डोळ्यात घालतात ते आयोडीन, आणि शेवटी आत सोडतात ते अँटिबायोटिक. मावशीच्या वेळचं बाजूचं इंजेक्शन आणि गोळ्या यांच्यामागे तेवढा पुरावा कधीच नव्हता. मात्र या औषधाचं काम कुठे संपतं तेही तुम्हाला माहीत असायला हवं, कारण तिथून पुढचं बरंचसं घरच्यांच्या हातात असतं. आणि चवथीच्या घाईबद्दल मला वेगळं बोलायचंय, ते शेवटी.

ऑपरेशनची माहिती द्यायला बसलं की कुणीतरी विचारतंच, "दोतोर, दोळ्यांतूच इंजेक्शन मारतले?" प्रत्यक्षात त्या क्षणी सुई टोचलीच जात नाही. मोतीबिंदू काढून झालेला असतो, कृत्रिम भिंग मूळच्या भिंगाच्या पातळ पिशवीत बसलेलं असतं, ऑपरेशनपुरती भरलेली जेल धुऊन काढलेली असते. मग एक मिलिलिटरची बारीक सिरिंज घेतात. तिच्या टोकाला सुई नसते, बोथट वाकवलेली नळी असते. ऑपरेशनसाठी बुबुळाच्या कडेला जे जेमतेम मिलिमीटरभराचं छिद्र आधीच केलेलं असतं, त्यातूनच ती आत जाते. ०.१ मिलिलिटर औषध, म्हणजे सिरिंजवरच्या बारक्या दहा रेघा, एवढंच सोडायचं. मग जखमेच्या कडांमध्ये सलाइन भरून त्या फुगवायच्या, स्पंजचं टोक लावून कोरडं करायचं आणि थेंब झिरपतोय का ते बघायचं. सगळं मिळून अर्धा-एक मिनिट. पेशंटला फार तर किंचित दाब आल्यासारखं वाटतं.

आता हे कशासाठी? डोळ्याच्या आत होणाऱ्या या संसर्गाला एंडॉफ्थॅल्मायटिस म्हणतात. तो क्वचितच होतो, पण झाला तर काही दिवसांत, कधी काही तासांत, नजर नेतो. आणि जंतू येतात कुठून? लोकांना वाटतं ऑपरेशन थिएटरमधून. सुट्या, एकट्यादुकट्या केसमध्ये ते बहुतेक वेळा पेशंटच्याच पापणीवरचे निघतात. १९९१ साली अमेरिकेत अशा रुग्णांच्या डोळ्याच्या आतले जंतू आणि त्यांच्याच पापण्या-नाकातले जंतू जुळवून पाहिले, तेव्हा १७ पैकी १४ जणांमध्ये ते एकच निघाले. आपल्या सगळ्यांच्या पापण्यांच्या मुळाशी स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू सुखाने राहतात, बाहेर असताना त्यांचा काही त्रास नसतो. ऑपरेशनच्या वेळी त्यातले थोडे आत जाणं पूर्णपणे टाळता येत नाही. बुबुळ आणि भिंग यांच्यामधल्या पुढच्या कप्प्यातलं पाणी सतत बदलत असतं, त्यामुळे बहुतेक डोळे त्यांना परस्पर वाटेला लावतात. पण भिंगाच्या मागे जो जेलीसारखा पारदर्शक गोळा असतो, ज्याला काच म्हणतात, तिथे पोचले तर गोष्ट वेगळी. कोमट दुधात विरजणाचं बोट लागावं तसं होतं, थोडेसेच पुरतात. म्हणूनच ऑपरेशनच्या वेळी भिंगाची मागची पिशवी फाटली तर संसर्गाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. अशा डोळ्यात शेवटचं औषध टाळणारा सर्जन मला तरी समजणार नाही.

बाहेरून घातलेले थेंब हे काम का करत नाहीत? कारण ते आत फार कमी पोचतात. बुबुळाच्या पडद्यातून झिरपून आतल्या पाण्यात उतरतं ते मिलिलिटरमागे एक-दोन मायक्रोग्रॅमच्या घरात. आत सोडलेल्या औषधाचं तसं नाही. पुढच्या कप्प्यात जेमतेम पाव मिलिलिटर पाणी मावतं. त्यात मॉक्सिफ्लॉक्सॅसिनचे ५०० मायक्रोग्रॅम पडले की थेंबांच्या शेकडोपट जोर होतो. हे औषध जितकं दाट तितकं जंतूंना लवकर मारतं. पुढच्या काही तासांत पाणी बदलत जातं आणि औषधही निघून जातं, पण नेमक्या गरजेच्या तासांना ते तिथे हजर असतं.

पुराव्याबद्दल थोडं बोलते, कारण घरात कुणीतरी "हे नवीन फॅड" म्हणणारच. नवीन काही नाही. स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या सेंट एरिक नेत्र रुग्णालयाने १९९०च्या दशकातच सेफ्युरॉक्झिम हे अँटिबायोटिक डोळ्याच्या आत सोडायला सुरुवात केली आणि त्यांच्याकडचं प्रमाण घसरलं. बाकीच्या युरोपला ते पटेना, तेव्हा युरोपियन मोतीबिंदू सर्जनांच्या संघटनेने ९ देशांतल्या २४ केंद्रांत चाचणी घेतली. १६,६०३ रुग्ण, चिठ्ठी टाकल्यासारखे चार गटांत वाटलेले. अर्ध्यांना आत औषध, अर्ध्यांना नाही. शिवाय थेंबांचीही वेगळी वाटणी. संसर्गाच्या एकूण २९ केस निघाल्या. त्यातल्या २४ औषध न मिळालेल्यांत आणि ५ औषध मिळालेल्यांत. फरक इतका ठळक होता की २००६च्या सुरुवातीलाच नवे रुग्ण घेणं थांबवलं, कारण पुढे निम्म्या लोकांना औषधाविना ठेवणं योग्य नव्हतं. पूर्ण निकाल २००७ साली छापून आले. त्याच चाचणीत ऑपरेशनच्या आसपास वारंवार घातलेल्या अँटिबायोटिक थेंबांचा मात्र खात्रीने सांगावा असा फायदा दिसला नाही. हा भाग आपल्याकडे सोयीस्करपणे विसरला जातो, आणि लोक तीन-तीन महागड्या बाटल्या घेऊन घरी जातात.

आपल्याकडचं मोठं काम मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचं. त्यांनी सेफ्युरॉक्झिमऐवजी मॉक्सिफ्लॉक्सॅसिन वापरलं. सहा लाखांहून अधिक डोळ्यांचा हिशेब २०१७ साली प्रसिद्ध झाला: औषध नसताना दर दहा हजारांत सुमारे ७ जणांना संसर्ग, औषध सुरू केल्यावर सुमारे २. पुढे वीस लाखांच्या वर डोळ्यांचा आढावा आला आणि त्यातही चित्र तेच राहिलं. हे युरोपसारखं चिठ्ठ्या टाकून केलेलं काम नव्हे, आधीचा आणि नंतरचा हिशेब आहे, तेव्हा कुणी शंका काढली तर ती अगदीच चुकीची म्हणता येणार नाही. पण आपल्यासारखीच माणसं, तशीच हवा, तसेच जंतू, आणि संख्या एवढी मोठी. मला निर्णय घ्यायला ते पुरतं. शिवाय १०,०००त ७ हा आकडाही लहान आहे, हे आईला जरूर सांगा. तिला घाबरवून काही मिळणार नाही.

कुठलं औषध, हा प्रश्न डॉक्टरांना बिनधास्त विचारा. भारतात सध्या बहुतेक ठिकाणी मॉक्सिफ्लॉक्सॅसिनच असतं, आणि त्याला कारण आहे. सेफ्युरॉक्झिमची डोळ्यात सोडायच्या मापाची तयार कुपी युरोपात २०१२ पासून मिळते. ती हाताशी नसेल तर शिरेतून द्यायच्या ७५० मिलिग्रॅमच्या कुपीपासून दोन टप्प्यांत पातळ करत आणावं लागतं. घाईच्या दिवशी नर्सच्या हातून एक शून्य इकडचं तिकडे झालं तर डोळ्यात दहापट औषध जातं आणि मागचा पडदा (रेटिना) दुखावतो; अशा घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. मॉक्सिफ्लॉक्सॅसिन ०.५ टक्क्यांचं तयार मिळतं, त्याचा ०.१ मिलिलिटर म्हणजे बरोबर ५०० मायक्रोग्रॅम, मोजमापाची कटकट नाही. पेनिसिलिनच्या जातीची ॲलर्जी असलेल्यांनाही ते चालतं. महागही नाही.

एक खबरदारी मात्र हवी. ते डोळ्याच्या आत सोडण्यासाठीच बनवलेलं, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं असावं. दुकानात थेंब म्हणून मिळणारी सगळी मॉक्सिफ्लॉक्सॅसिन सारखी नसतात. काहींत टिकाऊपणासाठी रसायन असतं, काही चिकट, जेलसारखी असतात म्हणजे डोळ्यावर जास्त वेळ टिकावीत. बाहेर ती चांगलीच, पण आत गेली तर डोळा जंतूंशिवायच सुजतो. त्याला टास म्हणतात: दुसऱ्याच दिवशी बुबुळ कडेपासून कडेपर्यंत धुरकट, पण दुखणं फारसं नाही. आणि शक्यतो एका पेशंटला एक कुपी. एकाच कुपीतून ओळीने पाचजणांना औषध काढणं म्हणजे ज्यासाठी औषध देतोय त्यालाच आमंत्रण. "तुमच्याकडे कुपी प्रत्येकाला वेगळी असते का?" हे विचारण्यात उद्धटपणा काही नाही. मला कुणी विचारलं तर मी कुपी दाखवते.

व्हॅन्कोमायसिन हे तिसरं नाव तुम्ही ऐकाल. जंतू मारण्यात ते तरबेज, पण डोळ्याच्या आत सोडल्यानंतर काहींमध्ये एक-दोन आठवड्यांनी मागच्या पडद्याच्या रक्तवाहिन्या बंद पडून, न दुखता, नजर गेल्याचं लक्षात आलं. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन लगेच केलेल्यांपैकी काहींचे दोन्ही डोळे गेले. २०१७ साली अमेरिकेच्या औषध नियामकाने याबद्दल इशारा दिला. संसर्ग झाल्यावर उपचार म्हणून व्हॅन्कोमायसिन आजही लागतं, मीही वापरते. प्रतिबंधासाठी नको.

मावशीला दिलेलं बाजूचं इंजेक्शन बहुधा जेंटामायसिनचं असावं, डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ त्वचेखाली. डोळा लालभडक व्हायचा, दुखायचा, आणि चुकून आत उतरलं तर मागच्या पडद्याला इजा करायचं. सलाइनच्या बाटलीतच अँटिबायोटिक मिसळून ठेवायची पद्धतही काही ठिकाणी होती. तिच्यामागेही पुरावा लंगडाच. गोळ्यांबद्दल विचाराल तर सरसकट नकोतच. पोट बिघडतं, आणि जंतू औषधाला सरावतात.

एवढं सांगून झाल्यावर या औषधाची हद्द. मॉक्सिफ्लॉक्सॅसिन बुरशीवर चालत नाही. सुडोमोनास नावाच्या जंतूवर चालतं, पण भारतात त्यातले बरेच आता त्याला दाद देत नाहीत. आणि हाच सुडोमोनास सामूहिक प्रकारांत पुन्हा पुन्हा निघतो. एकाच दिवशी ऑपरेशन झालेल्या अनेकांचे डोळे बिघडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. २०२१ मध्ये बिहारमधल्या मुजफ्फरपूरला शिबिरानंतर कित्येकांचे डोळे काढावे लागले. असं होतं तेव्हा जंतू पेशंटच्या पापणीवरून आलेला नसतो. सलाइनची बाटली, यंत्राच्या नळ्या, नीट न तापलेला ऑटोक्लेव्ह (हत्यारं वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र), असं कुठेतरी मूळ असतं, आणि आत गेलेल्या जंतूंची संख्याच एवढी असते की शेवटचा दहावा हिस्सा मिलिलिटर त्यापुढे टिकत नाही. तेव्हा "आम्ही आत अँटिबायोटिक देतो" हे वाक्य स्वच्छतेच्या जागी चालवून घेऊ नका. शिबिराबद्दल म्हणाल तर देवळाच्या मंडपात किंवा पंचायतीच्या सभागृहात डोळे तपासणं चांगलंच आहे, मीही जाते. ऑपरेशन मात्र नेहमीच्या, रोज चालणाऱ्या थिएटरमध्येच. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचंही धोरण तेच आहे. पाच-दहा मिनिटांत तिथल्या माणसाला विचारता येतं: सलाइनच्या बाटलीचा बॅच नंबर पेशंटच्या कागदावर लिहिता का? जिथे लिहितात तिथे बाकीचंही सहसा जागेवर असतं.

आयोडीनचं सुरुवातीला नाव घेतलं. ऑपरेशन सुरू होण्यापूर्वी पापण्यांना १० टक्के लावतात आणि डोळ्यावर, पापणीच्या खोबणीत, ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन घालतात. तपकिरी थेंब, भूल उतरत असेल तर थोडं चुरचुरतं. ते किमान तीन मिनिटं तिथे राहिलं पाहिजे. घाई इथेच होते; दिवसाची यादी लांब असली की तीन मिनिटांची दीड होतात. दुसरी बारीक गोष्ट, भुलीची जेल आधी लावली तर ती डोळ्यावर थर धरते आणि आयोडीन जंतूंपर्यंत पोचू देत नाही, म्हणून आयोडीन आधी आणि जेल नंतर.

आणि आता खास गोव्याची अडचण. "मला सुंगटं खाल्ली की अंगावर गांधी उठतात, मग मला आयोडीनची ॲलर्जी," असं सांगणारे इथे पुष्कळ भेटतात. फॉर्मवर तसं लिहिलं जातं आणि आयोडीन वगळलं जातं. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी त्यातल्या प्रथिनाची असते, आयोडीनची नव्हे. आईला मासळीचा त्रास असेल तर तो जरूर सांगा, पण आयोडीन नको असं त्यातून ठरवू नका. पूर्वी आयोडीनचं मलम लावल्यावर कातडीला प्रत्यक्ष काही झालं असेल तर ती वेगळी गोष्ट, ती डॉक्टरांनी तपासायची.

ऑपरेशनच्या आधी घरून काय बघायचं? पापण्यांच्या मुळाशी कोंडा, सकाळी चिपडं, वरचेवर रांजणवाडी, असं काही असेल तर ते आधी बरं करून घ्यायचं. आठवडा-दोन आठवडे कोमट पाण्याचा शेक आणि पापण्या पुसणं एवढ्यानेही बहुतेकांचं भागतं. नाकाच्या बाजूला डोळ्याचा कोपरा दाबल्यावर पू किंवा चिकट पाणी येत असेल तर ते लासूर. त्यावर उपचार झाल्याशिवाय मोतीबिंदूला हात लावायचा नाही. म्हणूनच आपल्याकडे आधी अश्रुनलिकेत पाणी सोडून तपासतात, ते टाळू नका. पायाला जखम, दातात पू, मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह्यांना यातलं काही ना काही असतंच, ते लपवायचं नाही. साखर ऑपरेशनच्या दिवशी दोनशेच्या खाली असली तर बहुतेक सर्जन पुढे जातात. त्यासाठी शेवटच्या दोन दिवसांत जेवण तोडून किंवा गोळ्या वाढवून साखर पाडायची नाही. आधीचे काही आठवडे ती बरी राहणं महत्त्वाचं. आदल्या संध्याकाळी डोक्यावरून अंघोळ, त्या दिवशी केसांना तेल नाही, कपाळाला कुंकू नाही, डोळ्यांना काजळ नाही. आणि अबोलीचा वळेसर माळायचा नाही. अनेक आजी ऑपरेशनला देवळात निघाल्यासारख्या सजून येतात, त्यांना थांबवताना वाईट वाटतं, पण फुलांत मातीचे जंतू असतात आणि ती चादरीखाली डोळ्यापासून वीतभर अंतरावर येतात. पापण्यांचे केस कापायची मात्र गरज नाही. ते चिकट पट्टीखाली झाकून घेतलेले पुरे.

टाका पडला तर घाबरू नका. आजकाल 'बिनटाक्याचं' हे जाहिरातीतलं मोठं अक्षर झाल्यामुळे टाका घातला की नातेवाईकांना वाटतं काहीतरी चुकलं. जखम जराही झिरपत असेल तर एक टाका घालणं हेच शहाणपण. झिरपणाऱ्या जखमेतून बाहेरचं पाणी रात्री आत ओढलं जातं, आणि तोपर्यंत आत सोडलेलं औषध वाहून गेलेलं असतं.

घरी आल्यावर थेंब सुरू होतात, सहसा एक अँटिबायोटिकचा आणि एक स्टिरॉइडचा. घालणाऱ्याने साबणाने हात धुवायचे, खालची पापणी ओढून खोबणीत थेंब टाकायचा, बाटलीचं तोंड कशालाही लागू द्यायचं नाही, दोन औषधांमध्ये पाच मिनिटं. स्टिरॉइडचा थेंब सूज उतरवतो म्हणून लागतोच, पण तो सुरुवातीचा संसर्ग झाकूही शकतो, हे लक्षात असू द्या. तुमच्या मनाने तो वाढवू नका किंवा बंदही करू नका. दहा दिवस डोक्यावरून पाणी नाही. विहिरीचं, तळीचं, नदीचं पाणी डोळ्याला लागू द्यायचं नाही. चुलीपुढे बसायचं नाही. मध, गुलाबपाणी, तगरीच्या फुलांचा रस यातलं काहीही घालायचं नाही. शेजारची काकू कितीही आग्रह करो.

आता सगळ्यात उपयोगाचं. रोज सकाळी, थेंब घालायच्या आधी, आईला भिंतीवरच्या कॅलेंडरपासून ठरलेल्या एकाच जागी बसवा. डावा डोळा तळव्याने झाकायचा, दाबायचा नाही, आणि उजव्याने तारखांचे आकडे वाचायचे. पहिल्या दिवशी धूसर असेल, हरकत नाही. पण कालच्यापेक्षा आज कमी दिसतंय असं झालं तर थांबायचं नाही, फोन करायचा. संसर्ग बहुतेक वेळा दुसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान डोकं काढतो. दुखणं, लाली, पापणी सुजणं, चिपडं, डोळ्यापुढे जाळी तरंगणं, ही बाकीची लक्षणं. मात्र दुखण्याची वाट बघू नका. अमेरिकेतल्या ४२० रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात, जो १९९५ साली प्रसिद्ध झाला, संसर्ग झालेल्यांपैकी जवळजवळ चौथ्या भागाला दुखतच नव्हतं. दिसणं मात्र जवळपास सगळ्यांचंच कमी झालं होतं. मधुमेह्यांच्या बाबतीत मी जास्तच सावध असते. "दुखत नाही ना, मग उद्या बघू," हे वाक्य डोळा घालवतं.

फोन केल्यावर काय होईल तेही आधी कळलेलं बरं, म्हणजे धावपळीत गोंधळ होत नाही. डॉक्टर डोळा तपासतील, गरज वाटली तर आतल्या जेलीसारख्या काचेचा थेंबभर नमुना घेऊन त्याच बैठकीत डोळ्याच्या मागच्या भागात दोन अँटिबायोटिक्स सोडतील. सहसा व्हॅन्कोमायसिन आणि सेफ्टाझिडिम. यात खरोखरची सुई असते. नजर फक्त उजेड कळण्यापुरती उरली असेल तर काच काढून टाकण्याचं ऑपरेशन लगेच करावं लागतं. हे काम रेटिनाच्या डॉक्टरांचं. तेव्हा ऑपरेशनच्या आधीच विचारून ठेवा: असं काही झालं तर तुम्ही कुठे पाठवता, आणि रात्री-रविवारी कुणाचा नंबर लागतो? बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ) आहे, काही खासगी ठिकाणीही सोय असते, पण नाव आणि नंबर कागदावर हवा. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर त्याची प्रतही त्याच पिशवीत ठेवा.

आणि चवथीचं. आईचं म्हणणं समजतं. पोरं-नातवंडं घरी येणार, तेव्हा तिला स्वच्छ दिसायला हवंय. पण हिशेब मांडून बघा. चवथीच्या तीन-चार दिवस आधी ऑपरेशन केलं तर धोक्याचे नेमके दिवस सणात पडतात. दवाखाने बंद, डॉक्टर गावाला, बस तुरळक, घरात पंचवीस माणसं आणि आईच्या डोळ्याकडे बघायला कुणाला सवड नाही. शिवाय ती स्वस्थ बसणार नाही. नेवऱ्या तळायला चुलीपुढे जाणार, माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधताना वर मान करून "ती सुपारी अजून अलीकडे" म्हणत उभी राहणार आणि रानातून आणलेल्या फांद्यांचा कचरा थेट डोळ्यात पडणार. पावसाळ्यात ऑपरेशन नको ही जुनी समजूत मी मानत नाही, बंद थिएटरला पावसाचं काही पडलेलं नसतं. सणाच्या गर्दीचं मात्र मानते. तुमच्याकडे चवथीला तीन आठवडे किंवा जास्त असतील तर आत्ताच करून घ्या. त्याहून कमी असतील तर विसर्जन झाल्यावरची तारीख मागा; पिकलेला मोतीबिंदू फुगून डोळ्याचा दाब वाढला असं डॉक्टरांनी म्हटलं नसेल, तर महिन्याभराने काही बिघडत नाही. दुसऱ्या डोळ्याचं बोलणं पहिला पूर्ण निवळल्यावर काढा. एकाच बैठकीत दोन्ही उरकून घेऊ असं कुणी सुचवलं, तर मधुमेह असलेल्या आईसाठी मी तरी नाही म्हणेन.